मुकी वेणी, बोलका पक्षी

मुलांनो, पावसाळ्याच्या तोंडाशी सह्याद्रीच्या रानात दोन गोष्टी मनास मोह घालतात. एक, ओढ्याकाठी गाणारा शीळकरी कस्तूर. दुसरी, झाडाच्या फांदीवरून लोंबणारी ‘सीतेची वेणी’ ही आमरी. दोन्ही सुंदर, दोन्ही जपण्याजोग्या. परंतु यांपैकी अधिक काळजी कोणाची घ्यावी, असे कोणी विचारल्यास मी वेणीचे नाव घेईन.

कस्तुराचा रंग काळसर निळा. पहाटेच्या अंधारात त्याची शीळ ऐकली, म्हणजे एखादा मुलगाच शीळ घालीत वाटेने चालला आहे, असा भास होतो. म्हणूनच इंग्रजीत त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी’ हे लाडके नाव पडले आहे. त्याचे गाणे त्याची ओळख आपण होऊन करून देते. कोणी अंगावर धावून आले, तर त्याला पंख आहेत. त्याच्या पिलांना चारा भरवावयास आईबाप आहेत.

वेणीला यांतले काहीच नाही. तिच्या एका घोसात शंभराहून अधिक फुले असू शकतात. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके असतात. पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात. पण ते खरे नव्हे. ती झाडाचा रस शोषीत नाही. झाडाकडून ती केवळ आधार घेते आणि पाऊस व दव आपल्या जाड मुळांनी टिपते. तिचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नाचा साठा नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली, तरच रानात ते रुजते. एरवी वाया जाते. रुजलेल्या रोपाला फुलावयासही काही वर्षे लागतात.

कोणी म्हणेल, “रान तुटले, तर पक्षीही बेघर होतो.” हे खरे आहे. तथापि पक्षी निदान दुसरे रान शोधावयास निघू शकतो. वेणी मात्र झाडाबरोबरच कोसळते.

आसामात हिला ‘कोपौ फूल’ म्हणतात. ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. बिहूच्या सणात तेथील मुली हे फूल केसांत माळतात. परंतु फूल माळणे निराळे आणि हौसेखातर रोप मुळासकट उपटून नेणे निराळे.

गाणाऱ्यासाठी सारेच थांबतात. मुलांनो, रानात गेलात, तर मुकाट्याने फुलणाऱ्या वेणीसाठीही क्षणभर थांबा. तिला डोळे भरून पाहा आणि तिच्या फांदीवरच राहू द्या.