कप मिळाला म्हणून जुगार सुटत नाही

‘टूर्नामेंट खेळायला चाललोय’ हे घरी सांगता येतं. ‘कॅश गेम’ म्हटलं की आई पुढचा प्रश्न विचारतच नाही, सरळ बाबांना हाक मारते. पोकर खेळणाऱ्या आपल्या पोरांमध्येही हीच उतरंड: टूर्नामेंट म्हणजे स्पर्धा, कॅश म्हणजे जुगार. मला हे साफ उलटं वाटतं. (कायद्याला तर हा फरक दिसतच नाही. २०२५ मध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हा दोन्ही एकाच फटक्यात गेले.)

या भ्रमाला हवा दिली ती २००३ साली. ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून लास वेगासच्या वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. गोष्ट झकास आहे. पण एका स्पर्धेवरून कसब ठरवायचं, तर लॉटरी लागलेल्यालाही गणितज्ञ म्हणा.

टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढतात. चिप्स तेवढ्या वेगाने वाढल्या नाहीत तर समोर वीस-पंचवीस बिग ब्लाइंड उरतात, आणि मग खेळ बराचसा एवढाच: ऑल-इन जायचं की पानं टाकायची. समजा, असे पाच ऑल-इन आले, समोरच्याकडे दर वेळी तुमच्याहून जास्त चिप्स, आणि दर वेळी जिंकायची शक्यता तुमच्या बाजूने ८० टक्के. पाचही जिंकण्याची शक्यता? जेमतेम ३३ टक्के. सगळं बरोबर करूनही तीनांतून दोनदा तुम्ही घरी.

कॅश गेममध्ये चिप म्हणजे रोकड. ब्लाइंड वाढत नाहीत. शंभर-दोनशे ब्लाइंड घेऊन बसलात की शेवटच्या पानापर्यंत डोकं चालवावं लागतं. उद्या पुन्हा तेच टेबल, तोच हिशेब. आणि कधी उठायचं, हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

मांडवीतल्या एका कॅसिनो-बोटीवर पहाटे चार वाजता मी दोन बाय-इन वर होतो. टेबल सोपं होतं, डोळे मिटत होते. उठलो नाही. साडेसहाला पणजीच्या जेटीवर उतरलो, तेव्हा खिशात टॅक्सीपुरते पैसे होते. टूर्नामेंटने माझी ही परीक्षा कधीच घेतली नव्हती. तिथे चिप्स संपल्या की स्पर्धाच तुम्हाला उठवते.

हो, टूर्नामेंटमध्ये नुकसान भरलेल्या फीपुरतंच राहतं. नवख्याला मीही तिथेच पाठवतो. पण गंभीर खेळाडू म्हणून मिरवणाऱ्यांनी जिंकलेल्या रकमेचा स्क्रीनशॉट टाकताना वर्षभरात भरलेल्या फींचा आकडाही टाकावा. माझ्या वहीत त्या पहाटेची नोंद लाल शाईत आहे. मी वही आणतो, तुम्ही पावत्या आणा.