नदीकाठची सायकल आणि ऋतूंचा बेत

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने सायकल चालवावी की नाही, हा प्रश्न पुष्कळ घरांत केवळ वयाकडे बोट दाखवून निकालात काढला जातो. मुले धास्तावलेली असतात. जिन्याखालची सायकल एके दिवशी भंगारवाल्याकडे जाते, आणि त्याविषयी घरात कोणी फारसे बोलत नाही. आमच्या मते वयापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात : शरीराचा तोल आणि ऋतू. तोलाचा विचार सर्वजण करतात, ऋतूचा मात्र क्वचितच होतो.

वाग्भटाने व्यायामासाठी ऋतूंची स्पष्ट वाटणी केली आहे. थंडीत आणि वसंतात बलवान माणसाने अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर काळी त्याहूनही सौम्य. श्वास नाकाऐवजी तोंडाने घ्यावासा वाटू लागला, की अर्धी शक्ती खर्ची पडली असे सुश्रुत सांगतो. आजचे डॉक्टर हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतात : व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत दम लागावा. ही खूण ध्यानात ठेवली, तर मनगटावर यंत्र बांधण्याची गरज उरत नाही.

सायकलीसाठी नदीकाठ का निवडावा? एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याचे उदाहरण घेऊ. तेथे मुठेच्या काठचा रस्ता पाण्याच्या पातळीने जातो, म्हणून तो बहुतांशी सपाट आहे. डेक्कन जिमखान्याच्या खालून भिडे पुलाकडे जाणाऱ्या नदीपात्रातील रस्त्यावर कचेरीच्या वेळी वाहनांची झुंबड असते. परंतु रविवारी सकाळी तोच रस्ता वृद्ध गुडघ्यांना मानवतो. सायकलीवर देहाचा बराचसा भार बैठक पेलते, त्यामुळे संधिवाताच्या पुष्कळ रुग्णांना चालण्यापेक्षा सायकल सुसह्य वाटते. अडचण येते ती पात्रातून वर शहराकडे चढणाऱ्या रस्त्यांवर. तेथे उतरून सायकल हाती धरावी; त्यात कमीपणा मुळीच नाही.

वर्षातील उत्तम काळ आश्विन-कार्तिकाचा. पावसाने पात्र धुऊन काढलेले असते, पाण्याला अजून वास नसतो, काठचे गवत उभे असते. उथळ पाण्यात शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर उभा दिसतो, खडकावर पाणकावळा पंख पसरून वाळवीत बसतो. ओंकारेश्वराच्या बाजूने जाताना क्षणभर थांबावे. या दिवसांत ऊन दहानंतर मात्र चटका देते, हे विसरू नये. मार्गशीर्ष-पौषात येरवड्याजवळच्या, डॉ. सालीम अलींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काठावर थापट्यासारखी पाहुणी बदके उतरतात. पण थंडीतल्या पहाटे नदीवर धुके आणि शेकोट्यांचा धूर खाली साचून राहतो. दमा अथवा हृदयविकार असणाऱ्यांनी सूर्य वर आल्यावर, कान आणि छाती झाकूनच बाहेर पडावे. पहाटे पाचच्या शिस्तीचा अभिमान बाळगणाऱ्या ज्येष्ठांना हे पटत नाही, याची आम्हांला कल्पना आहे.

माघ-फाल्गुनात काटेसावर आणि पांगारा फुलतात. त्यानंतर पाणी आटते, जलपर्णी पात्र व्यापते आणि सांडपाण्याचा दर्प असह्य होतो. वैशाखात नदीचा नाद सोडून बहावा पाहायला गल्लीतच फेरी मारावी, तीही सात वाजण्यापूर्वी.

आणि पावसाळा. चरक आणि वाग्भट या दोघांनीही वर्षाऋतूत टाळावयाच्या गोष्टींत नदीचे पाणी आणि श्रम यांना एकाच यादीत बसविले आहे. पुणेकरांना हे वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा जे शाळकरी होते ते आज सत्तरीपुढे आहेत. हल्ली खडकवासल्यातून पाणी सोडले, की भिडे पूल आणि नदीपात्रातील रस्ता पाण्याखाली जातात. किती क्युसेक सोडले, हे बातम्यांत कळते. पाणी ओसरल्यावरही तेथे काही दिवस निसरडा गाळ राहतो, आणि पायाला जखम असताना त्यात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होऊ शकतो. आषाढ-श्रावणात पूर पाहायचा तो उंच पुलाच्या कठड्याआडून, घरच्या कोणाचा तरी हात धरून. सायकल घरीच राहू द्यावी.

आता तोलाविषयी, आणि हे विशेषतः सांभाळ करणाऱ्यांसाठी. सायकल काढून घेण्याआधी एखाद्या रिकाम्या मैदानात सोबत जा. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद तोल टिकतो का? सायकल चालवताना मागे वळून पाहिले, तर हँडल डगमगते का? मागून हाक मारल्यास ऐकू येते का? वृद्ध माणसे पुष्कळदा चढताना आणि उतरतानाच पडतात, म्हणून मधला दांडा नसलेली, आपण जिला लेडीज सायकल म्हणत असू, तीच पुरुषांनीही वापरावी. बैठक इतकीच उंच हवी, की थांबल्यावर पाय जमिनीला टेकावा. गुडघ्याला थोडी अधिक उंची मानवते खरी, पण या वयात तोलाचे ऐकावे. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील आणि डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हेल्मेटविषयी तडजोड नको.

एक गोष्ट मात्र सायकलीने साधत नाही. भार बैठकीवर असल्याने हाडांना हवा तो ताण मिळत नाही, म्हणून सायकलीच्या जोडीला चालणे हवेच. पासष्ट व त्यापुढील वयाच्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद यांचा सराव सुचविते. नदीकाठच्या दोन-तीन फेऱ्या हा त्याचा एक भाग, एवढेच.

ज्यांचा तोल खरोखरच गेला आहे, त्यांच्याशी हे उघडपणे बोला. किल्ली लपवू नका. तीन चाकी सायकलीचा विचार करता येतो, मात्र ती वळणावर उलटू शकते, म्हणून सरावाशिवाय रस्त्यावर आणू नये. तेही जमत नसेल, तर कार्तिकातल्या एखाद्या सकाळी त्यांना गाडीने काठापर्यंत न्या, खुर्ची टाकून बसवा, आणि पाण्यावरचा तो लांब पायांचा पक्षी कोणता, हे त्यांनाच विचारा.