खारेपाटातील फुटके बांध आणि तिवरांचा कायदा (थ्रेड)

कांदळवन वाचविणारा कायदा म्हटला की मुंबई आठवते: भरावाचे डंपर, बिल्डर आणि त्यांना रोखणारे न्यायालय. हे चित्र खरेच आहे. परंतु अलिबाग-पेणच्या खारेपाटात त्याच कायद्याची कथा निराळी आहे.

खारेपाट ही मुळात समुद्राकडून मिळवलेली भूमी. पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून, त्यांत उघाड्या बसवून भरतीचे पाणी बाहेर थोपवले गेले. आत भात पिकला, तळ्यांत जिताडा वाढला. मातीच्या बांधाला डागडुजी सतत लागते. गावकरी ती सामूहिक श्रमाने करीत. या रीतीला ‘जोळ’ म्हणतात. तिला रामराज्य समजण्याचे कारण नाही. खोतांचा जाच होताच, आणि १९३३ ते १९३९ चा चरीचा शेतकरी संप याच मुलखात घडला. पण बांधाला खांड पडली तर ती कोणी बुजवायची, हे गावाला ठाऊक असे.

१९४८ चा खारजमीन कायदा आणि पुढे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम यांनी ही जबाबदारी शासनाकडे नेली. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात जोळ विरत गेली आणि सरकारी डागडुजी वेळेवर होईना. खांडी रुंदावल्या, खारे पाणी शेतात शिरले, भात गेला आणि तिवरे उगवली.

येथे दुसरा कायदा येतो. १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेने किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आणला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनतोडीला बंदी केली. सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती कायम झाली. २०१९ ची अधिसूचना तर स्पष्टच सांगते की, बांधाच्या आत खारे पाणी शिरून उगवलेले कांदळवनही सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडेल. म्हणजे शासनाने बांध राखला नाही, त्याचे फळ शासनाच्याच कायद्याने अभेद्य झाले.

कांदळवनाचे मोल निर्विवाद आहे. मासळीची पिल्ले तेथेच वाढतात आणि कोळ्यांच्या जाळ्यात पडणारे बरेचसे त्यांच्या आश्रयानेच येते. तेव्हा ‘तिवरे तोडू द्या’ हे उत्तर नव्हे. मात्र कायदा झाड पाहतो, ते तेथे कसे आले हे पाहत नाही. रात्री डेब्रिज टाकणारा आणि बांध फुटल्याने देशोधडीला लागलेला शेतकरी त्याला सारखेच. अपवाद आहे तो सार्वजनिक हिताचा, आणि तोही न्यायालयाची पायरी चढू शकणाऱ्यासाठी. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनला सुमारे २०,००० तिवरे तोडण्याची परवानगी मिळाली ती याच वाटेने.

फुटलेल्या बांधाआडचे वन राखायचेच असेल, तर त्याची किंमत एकट्या खारेपाटाने का मोजावी? भरपाईची तरतूद खारजमीन कायद्यातच हवी. ती देताना ज्याचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नाही, त्या कसणाऱ्यालाही मोजावे लागेल.