दाढेतली अक्कल

दिवाळीच्या सुट्टीत माझी अक्कलदाढ काढली. आडवी वाढत होती. सर्जनने हिरडी कापली, दाढेचे दोन तुकडे केले आणि स्टीलच्या ट्रेमध्ये टण्‌कन टाकले. तोंडात कापूस धरून मी बाहेर आले तर आजीच्या हातात एका कंपनीचं चकचकीत पत्रक! दात फेकू नका, आमच्याकडे जपून ठेवा, त्यातल्या स्टेम सेल्सनी उद्या मधुमेह बरा होईल, असा मजकूर. आजी बारा वर्षं इन्शुलिन घेते. पौडच्या घरी फ्रिजच्या दारात दुधाच्या पिशवीशेजारी तिची पेनं असतात. तिने विचारलं, "काय गं, हिच्यातनं माझी साखर जाईल का?"

मी मेकॅनिकलची. बायोलॉजीला दहावीनंतर रामराम ठोकलेला. कापूस नसता तरी मला उत्तर देता आलं नसतं. म्हणून वाचायला बसले.

गंमत म्हणजे पत्रक पूर्ण खोटं नव्हतं. 2000 साली अमेरिकेत सोंगताओ शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाताच्या गरात स्टेम सेल्स असल्याचं दाखवून दिलं. त्यासाठी त्यांनी वापरल्या 19 ते 29 वयाच्या लोकांच्या काढून टाकलेल्या अक्कलदाढा. म्हणजे ट्रेमधला कचराच! शी मूळचे लहान मुलांचे दंतवैद्य. पुढे स्वतःच्या मुलीचा दुधाचा दात पडला तेव्हा त्यांना प्रश्न पडला, की यातही असतील का? 2003 मध्ये उत्तर आलं, असतात. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये टूथ फेअरी शिकवली आणि घरी आजीने दात कौलांवर उंदीरमामासाठी टाकायला लावला. प्रश्न मात्र कुणालाच पडला नाही.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. डॉ. रमेश भोंडे हे पेशीविज्ञानाचे संशोधक. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर काम केलं. दाताशी संबंध नाही. पण इन्शुलिनच्या पेशी आणायच्या कुठून, हा प्रश्न त्यांना दातापर्यंत घेऊन गेला. ते बंगळुरूच्या मणिपाल संस्थेत असताना, 2013 मध्ये, त्यांच्या गटाचा शोधनिबंध आला. दाताच्या गरातल्या पेशींपासून इन्शुलिन बनवणारे पुंजके तयार करून ते मधुमेही उंदरांमध्ये बसवले होते. दुधाच्या दातापासून बनवलेल्या पुंजक्यांनी तीन-चार आठवड्यांत उंदरांची साखर ताळ्यावर आली आणि 60 दिवसांहून जास्त टिकली. पुढे भोंडे पिंपरीच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात आले आणि तिथल्या दंत महाविद्यालयातल्या मंडळींबरोबर काम करू लागले.

मला सर्वांत भावली ती त्या प्रयोगातली डबी. माणसाच्या पेशी उंदरात ठेवल्या तर त्याचं शरीर त्यांना मारणारच. म्हणून त्या पॉलिमरच्या डबीत ठेवल्या. साखर आत जावी, इन्शुलिन बाहेर यावं, पण हल्ला करणाऱ्या पेशी बाहेरच राहाव्यात. भोक केवढं हवं? भिंत किती जाड? मित्रांनो, हे प्रश्न डॉक्टरांचे की आपले?

आणि इथेच माझं पत्रकवाल्यांशी भांडण आहे. उंदीर म्हणजे आजी नव्हे. 2013 नंतर इतकी वर्षं गेली, तरी दातापासून मधुमेहाचा मान्यताप्राप्त उपचार आज उपलब्ध नाही. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार व्यापारी तत्त्वावर फक्त नाळेतलं रक्त साठवायला परवानगी आहे, दात नाही. एका माणसाने आयुष्य घालून एक पायरी चढायची आणि दुसऱ्याने तीच पायरी गच्ची म्हणून विकायची, ही लबाडी आहे. उद्या खरा उपचार आला तरी फसलेली आजी त्यावर विश्वास ठेवील का?

पण आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. पिरंगुटहून लवळ्याची टेकडी किती लांब? तिथे सिम्बायोसिसमध्ये स्टेम सेल्सवर संशोधन चालतं. मी त्याच रस्त्याने रोज बसने जाते आणि आजवर एकदाही डोकावले नाही. आपल्याकडे मेकॅनिकलवाला कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये दिसला तरी "रस्ता चुकलास का?" म्हणतात. रिसर्च म्हटलं की काका विचारतात, "पॅकेज किती?" मग उंबरठे ओलांडणार कोण? दंतवैद्य पेशींकडे वळला, पेशीवाला दाताकडे वळला. डबीवाला कधी वळणार?

आजीला मी खरं ते सांगितलं, "या दाढेतनं नाही जायची. तुझं पेन चालू ठेव." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग तू शिकतेस कशाला?"

सबमिशन संपलं की लवळ्याला जाऊन येणार आहे. कुणी येतंय का बरोबर?