एबोनाइट : नकलेतून अस्सल ठरलेली मूठ

१/ दाढीच्या हातघडीव ब्रशची काळीभोर मूठ एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची असली, की तिचा मान वाढतो. मात्र आज अस्सल म्हणून गौरवला जाणारा हा पदार्थ जन्माला आला तो नक्कल म्हणूनच. हा मान त्याला कशासाठी मिळावा, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे. #थ्रेड

२/ कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई, थंडीत तडके. गंधक आणि उष्णता यांनी ते टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये उमगले. गंधकाचे प्रमाण बरेच वाढवून मिश्रण तासन्‌तास तापवले, तर लवचिकपणा जाऊन लेथवर कातता येणारा कठीण पदार्थ मिळतो. चार्ल्स यांचे बंधू नेल्सन यांनी १८५१ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

३/ आबनुसाच्या लाकडासारखा दिसतो म्हणून तो एबोनाइट. कंगवे, चिलमींच्या नळ्या, क्लॅरिनेटची मुखे, कवळ्या, फाउंटन पेन अशा अनेक वस्तूंत तो शिरला. अमेरिकेतील नेवार्कच्या रबरसेट कंपनीने तर ब्रशच्या केसांची मुळेच कडक रबरात घट्ट बसवली. दाढी करताना केस गळू नयेत, हा हेतू.

४/ पुढे सेल्युलॉइड आले, १९०७ मध्ये बेकलाइट आले. रंगीत आणि झटपट साच्यात बसणाऱ्या पदार्थांपुढे मंद गतीने पिकणारे एबोनाइट मागे पडले. ते टिकले मुख्यतः कारागिरांच्या हाती. आंध्रातील राजमहेंद्रीत रत्नम पेने त्याचीच घडवली गेली.

५/ पण गौरव करताना दोष झाकू नयेत. प्रकाश आणि ओलावा यांमुळे पृष्ठभागावरील गंधकाचे ऑक्सिडीकरण होते. काळा रंग हिरवट-तपकिरी पडतो. गरम पाणी ही क्रिया वेगवान करते. म्हणजे न्हाणीघर हीच या मुठीची सर्वांत अवघड जागा. ‘जन्मभर काळीभोर’ असे सांगून ती विकणे ही फसवणूक होय.

६/ ‘शुद्ध नैसर्गिक’ हे बिरुदही जपून वापरावे. रबराची मागणी वाढली तेव्हा राजे दुसरे लिओपोल्ड यांच्या काँगो मुक्त राज्यात (१८८५–१९०८) रबर गोळा करण्यासाठी माणसांवर अनन्वित जुलूम झाले. तोडलेल्या हातांची छायाचित्रे जगाने पाहिली. रबर झाडातून येते, म्हणून त्याचा इतिहास निष्पाप ठरत नाही.

७/ मग एबोनाइट निवडावे तरी का? कारण त्याचा रंग वरचा मुलामा नसून आरपार असतो. मूठ फिकी पडली, ओरखडली, तर बारीक पॉलिशकागदाने घासून पुन्हा चकाकवता येते. ते उष्णतेचे मंदवाहक असल्याने थंडीच्या सकाळीही धातूसारखे गार लागत नाही. आणि कातणाऱ्याच्या हाताला ते स्वच्छ, नेमकी धार देते.

८/ सारांश, या मुठीचे मोल तिच्या कथित शुद्धतेत नाही, अविनाशीपणातही नाही. ते दुरुस्तीक्षमतेत आहे. मूठ गरम पाण्यात बुडवून ठेवू नये, वापरानंतर पुसावी, उन्हापासून दूर ठेवावी. विक्रेत्याने एवढे आधीच सांगितले, तर नक्कल म्हणून जन्मलेला हा पदार्थ खऱ्या अर्थाने अस्सल ठरेल. (समाप्त)