गंजली म्हणजे मेली नाही!

"गंजलीये हो ती, देऊन टाका भंगारात." सायकलीबद्दलचं हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की डोकंच फिरतं. आणि म्हणणारा कोण? बहुतेक वेळा इंजिनियर, तोही चाकण नाहीतर भोसरीच्या कंपनीत नोकरीला. म्हणजे ज्याला गंज काय चीज आहे हे निदान पगारापुरतं तरी ठाऊक असायला हवं असा माणूस!

जरा बघा. आपल्या या पट्ट्यात गाडीची बॉडी रंगवायच्या आधी किती सोहळे होतात. आधी तेलकटपणा धुवायचा, मग फॉस्फेटचा थर, मग अख्खी बॉडी हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने कानाकोपऱ्यात प्रायमर बसवायचा, मग भट्टी. थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. भोसरीच्या गल्ल्यांत प्लेटिंग आणि पावडर कोटिंगची वर्कशॉपं आहेत. गंजाशी मारामारी हा इथल्या कित्येक घरांचा पोटापाण्याचा धंदा आहे. आणि हीच मंडळी संध्याकाळी घरी येऊन पार्किंगमधली तांबडी सायकल लांबूनच बघतात आणि मृत्यूचा दाखला देऊन मोकळी होतात. हात लावून बघायचेही कष्ट नाहीत.

आता थोडं शाळेतलं रसायनशास्त्र. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, फुगतो. म्हणून कागदाएवढा थर गंजला तरी दिसायला भयंकर दिसतं. खालची नळी बहुतेक वेळा शाबूत असते. जुन्या काळ्या ॲटलास, हिरो, हर्क्युलिसच्या नळ्या तर चांगल्या जाडजूड. त्या एका पावसाळ्यात काय, पाचांतही सहज मरत नाहीत.

आमच्या सोसायटीत मध्यंतरी नोटीस लागली. विनावापर गंजलेल्या सायकली पंधरा दिवसांत हलवा, नाहीतर भंगारात जातील. पार्किंग मोकळं व्हायला हवं हे मान्य. पण त्याच गेटवर रात्रपाळीचा वॉचमन रोज पाऊण तास चालत येतो. चाकण-तळेगाव रस्त्यावर शिफ्ट सुटायच्या वेळी कधी उभे राहा, कंत्राटी पोरं डंपर आणि कंटेनरच्या बाजूने अंधारात पायी चाललेली दिसतील. एका बाजूला धूळ खात पडलेल्या सायकली, दुसऱ्या बाजूला पायपीट, आणि मधे काय? अर्धा मिलिमीटरसुद्धा नसलेला गंजाचा थर! मला याचा राग येतो, आणि यावा असंच मला वाटतं.

"एवढा वेळ कोणाला आहे? त्यापेक्षा नवी आणू," हा पुढचा मुद्दा. आमच्या धंद्यातही हे रोज ऐकतो. जुना कोड कोणी वाचायचा, नवाच लिहू! मग सहा महिन्यांनी नव्यात जुनेच बग. स्वस्तातली नवी सायकल म्हणजे दिखाऊ शॉकॲब्सॉर्बर, पत्र्याचे गिअर आणि वजन जुनीएवढंच. असो. वेळेचं म्हणाल तर दोन विकांत पुरतात, त्यातलाही बराचसा वेळ वस्तू नुसत्या भिजत पडलेल्या असतात.

आता सल्लागारांकडे वळतो, कारण सायकली गंजापेक्षा यांच्यामुळे जास्त मरतात. पहिला सल्ला, संडास धुवायचं ॲसिड ओता. नका हो! ते हायड्रोक्लोरिक असतं. गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं, त्याच्या वाफेने शेजारची हत्यारंसुद्धा गंजतात, आणि क्लोराइड खाचाखोचांत राहिलं तर आठवड्यात सगळं पुन्हा तांबडं. कारखान्यात ते वापरतात, पण तिथे धुण्याचे हौद असतात, माहीतगार माणसं असतात. दुसरा सल्ला, वरून काळा रंग मारून टाका. हा तर सरळ गुन्हा आहे. रंगाखाली गंज निवांत वाढतो आणि वर्षभरात पोपडे निघतात. कोला चालतो, त्यात थोडं फॉस्फोरिक ॲसिड असतं, पण चिकटपणा आणि पैशाचा चुराडा कशाला?

वाण्याकडे लिंबूसत्त्व मिळतं. तेच सायट्रिक ॲसिड. सुटे भाग, म्हणजे नटबोल्ट, स्टँड, पेडलचे दांडे, त्याच्या कोमट पाण्यात काही तास ठेवा. मधेमधे बघत राहा, विसरून झोपू नका. मग तारेच्या ब्रशने घासा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. यातलं 'लगेच' महत्त्वाचं, कारण उघडं पडलेलं लोखंड तासाभरातही तांबूस होतं. क्रोमच्या रिमवर आणि हँडलवर पॉलिश पेपर मुळीच नको. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, ओरखडे पडत नाहीत. जिथे क्रोमच उडालंय तिथे चकाकी परत येणार नाही, ते सोडून द्या. फ्रेमवर रंग सुटलेल्या जागाच घासा, रेड ऑक्साइड लावा, मग रंग. छर्रे, वाटी आणि कोन मात्र कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून ओव्हरऑइल करून घ्या. त्याचा हात बसलेला असतो, आणि त्याचंही दुकान चालायला हवं.

खरोखर मेलेली सायकलही असते, नाही असं नाही. चिमटा, पेडलच्या एक्सलजवळचा सांधा आणि सीटची नळी, या तीन जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं, भोक पडलं, तर वाद घालू नका. चिमटा बदलता येतो. फ्रेम सडली असेल तर मात्र भंगारवाल्याला हाक मारा, मी अडवणार नाही. पण तपासून!

आणि काम झाल्यावर ती सायकल प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवू नका. आत दमट हवा कोंडते आणि गंजाला घरपोच पाणी मिळतं. पावसाळ्याआधी सीटची नळी बाहेर काढा, तिला ग्रीस लावून परत बसवा, चेनवर तेलाचे थेंब सोडा आणि सायकल वॉचमनला देऊन टाका.