देवघरांतील कारण आणि सभेंतील कारण

'शास्त्रांत सांगितलें आहे' हें कारण निरनिराळ्या धर्मांच्या माणसांपुढें चालतें काय, असा वाद परवां आमच्या घरीं जेवणाच्या पंक्तींत निघाला. पुतण्याचें म्हणणें, देवघरांतील कारण सभेंत आणूंच नये. वडील बंधु म्हणाले, "मग सभेस जातांना मीं स्वतःला घरीं ठेवून जावें काय?" दोघांचेंही म्हणणें आम्हांस टाकवेना.

अमेरिकेंतील तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा पक्ष बराचसा पुतण्यासारखा आहे. कायद्याचें बंधन सर्वांवर, तेव्हां त्याचीं मूळ कारणेंही सर्वांस विचारार्ह वाटतील अशीं असावींत, असें त्यांनीं १९९३ सालच्या ग्रंथांत प्रतिपादिलें. १९९७ सालीं त्यांनीं थोडी मोकळीक दिली: धर्मातील कारण खुशाल सांगा, मात्र यथाकाल सर्वसामान्य कारणही द्या.

आपल्याकडे हा प्रश्न संमतिवयाच्या वादांत फार तीव्रतेनें उभा राहिला होता. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणी नांवाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूबद्दल तिच्या नवऱ्यावर खटला झाला. त्या वेळीं कायद्यांतील मर्यादा १० वर्षांची असल्यामुळें मोठें कलम त्यास लागूं शकलें नाहीं. एक वर्षाच्या सक्तमजुरीवर तो सुटला. पुढें १९ मार्च १८९१ रोजीं ती मर्यादा १२ वर झाली. दरम्यान महाराष्ट्रांत वाद कशावर माजला? गर्भाधान-संस्कार पहिल्या ऋतूसच केला पाहिजे, कीं लांबवितां येतो, यावर! डॉ. भांडारकर यांनीं वचनांचा धांडोळा घेऊन संस्कार लांबविण्यास हरकत नाहीं असें दाखविलें. टिळकांनीं त्यांचें खंडन केलें. मेलेल्या मुलीचें दुःख समजण्यास कोणत्याही स्मृतीची गरज नव्हती, हें उघड आहे. तरीही भांडारकरांचा खटाटोप आम्हांस व्यर्थ वाटत नाहीं. कायदा पाळला म्हणजे आपण आपले राहिलों नाहीं, अशी ज्याची धास्ती, त्यास वैद्याचा दाखला पुरत नाहीं. त्याच्याशीं त्याच्याच घरांतल्या भाषेंत बोलावें लागतें.

टिळकांच्या पक्षांतही एक खरी गोष्ट होती. १८९० सालीं त्यांनींच मुलींच्या लग्नाचें वय १६ असावें, असें सुधारणेस सही देणाऱ्यांपुरतें बंधन सुचविलें होतें. त्यांचा विरोध परक्या सरकारनें हात घालण्यास होता. ज्या प्रजेस कायदा करण्यांत वांटा नाहीं, तिच्याकडे सर्वमान्य कारणांची मागणी कोणत्या तोंडानें करावी? मात्र या युक्तिवादांत त्या मुलींना बोलण्यास जागा नव्हती, ही उणीव आम्हांस डाचते.

दुसऱ्यांचे दोष काढतांना स्वतःची गोष्ट लपवूं नये. नोकरींत असतां सकाळच्या प्रार्थनेंत संस्कृत स्तोत्र सर्व मुलांस सक्तीचें करावें, असा ठराव आम्हींच पालकसभेंत मांडला होता. आधार देत देत अर्धा तास बोललों. नंतर एका मुसलमान विद्यार्थ्याचे वडील, धंद्यानें शिंपी, उठून नम्रपणें म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगतां तें तुमच्यापुरतें खरें असेल. माझ्या मुलाला तें कां लागू, एवढें सांगा." मग उच्चार शुद्ध होतात, स्मरण वाढतें, अशीं कारणें आम्ही सांगूं लागलों. तीं त्याच क्षणीं हुडकलेलीं होतीं. आमचें आम्हांस तें कळत होतें, आणि बहुधा त्यांसही. अनुदान घेणाऱ्या शाळेंत पालकाच्या संमतीवांचून मुलास उपासनेस बसवितां येत नाहीं, हें राज्यघटनेचें २८ वें कलम मुख्याध्यापकांनीं वाचून दाखविलें. ठराव आम्हीं मागें घेतला. स्तोत्र घरीं रोज म्हणतों.

वडील बंधूंस ही हकीकत आम्हीं परवांच प्रथम सांगितली. ताकभात संपवून पानावरून उठेपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत.